‘गाडी तर नीट चालतेय, मग सर्व्हिसिंग कशाला?’ एका एस्टिमेटची झाडाझडती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेचार वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मीटरला जेमतेम २१ हजार किलोमीटर. रोजचं जाणं म्हणजे घर ते शाळा, शाळा ते घर, मधे भाजी मंडई. वर्षातून एकदा गणपतीला साताऱ्याहून चिपळूणला. गाडी फारशी चाललीच नाही म्हणून गेल्या वर्षी सर्व्हिसिंग केलं नाही. आता शोरूमच्या वर्कशॉपनं १३,८०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलंय, आणि मेव्हणे म्हणतात, ‘बाहेर कुठंतरी ऑइल बदलून घ्या, बाकी सगळे लुटायचे धंदे.’ गाडीला काहीही त्रास नसताना यातलं खरंच किती लागतं?

मी साताऱ्यात गॅरेज चालवतो. त्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, त्यामुळे असली एस्टिमेटं काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितली आहेत. तुमच्या कागदावरचं साधारण निम्मं लागतं, निम्मं लागत नाही. मेव्हण्यांचं ‘फक्त ऑइल’ही चालणार नाही. आणि तुमच्या गाडीला ज्याची खरी गरज आहे अशा बऱ्याच गोष्टी त्या एस्टिमेटात नाहीतच.

आधी ‘त्रास काही नाही’ याबद्दल. गाडीतले जे भाग बिघडताना आवाज करतात त्यांची मला काळजी वाटत नाही, कारण त्या आवाजाला कंटाळून माणूस आपणहून गॅरेजला येतो. क्लच घसरायला लागला, बेअरिंग गुणगुणायला लागलं, की कळतंच. पण ऑइल जुनं होणं, ब्रेक फ्लुइडमध्ये पाणी मुरणं, कूलंटमधलं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातलं, गंजरोधक संपणं, यातलं काहीही ड्रायव्हरच्या सीटवर बसून जाणवत नाही. पिकअप तोच, ॲव्हरेज तेच, पेडल तसंच. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक मुळात या मुक्या गोष्टींसाठी आहे. त्यामुळे गाडी नीट चालतेय हा मुद्दा इथं फारसा कामाचा नाही.

ऑइलपासून सुरुवात करू. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी येईल ते’ असं लिहिलेलं असतं. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात, दुसरा सोडून देतात. तुमच्यासाठी दुसराच महत्त्वाचा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर जातं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर ती तिथं टिकत नाही; ऑइलमधून उडते आणि इंजिनच तिला परत आत ओढून सायलेन्सरमधून बाहेर टाकतं. इंजिन थंड असेल तर तिचं पाणी होतं आणि ते ऑइलमध्येच राहतं. सोबत न जळलेलं थोडं पेट्रोलही उतरतं, कारण थंड इंजिनाला मिश्रण जास्त दिलं जातं.

आता तुमचं घर ते शाळा आठवा. तापमानाचा काटा पाच-सहा मिनिटांत मधे येतो, म्हणून आपल्याला वाटतं इंजिन तापलं. काटा कूलंटचं तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या मागून तापतं आणि त्याला बराच जास्त वेळ लागतो. तोवर तुम्ही शाळेच्या फाटकात असता. म्हणजे तुमचं इंजिन रोज दोनदा पाणी जमवतं आणि ते उडवायला पुरेसं तापत कधीच नाही. सातारा-पुणे रोज ये-जा करणाऱ्याच्या गाडीचं ऑइल १० हजार किलोमीटरनंतरही तुमच्या ४ हजारवाल्यापेक्षा चांगलं निघतं. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण ऑइल काढणाऱ्या पोराला विचारा, तोही सांगेल.

घरच्या घरी बघायचं असेल तर सकाळी थंड गाडीचं बोनेट उघडा, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि उलटं करा. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, दुधाळ फेस दिसला तर ते हेच पाणी. घाबरू नका, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाचं सील) गेल्यावरही असाच रंग दिसतो, पण तेव्हा कूलंटची टाकीही खाली जात राहते. कूलंट जागेवर असेल आणि फेस फक्त झाकणाला असेल तर ती छोट्या फेऱ्यांची खूण. मग टॉर्च लावून त्या तोंडातून आत बघा. आतलं धातूचं काम मधासारख्या रंगाचं आणि स्वच्छ दिसत असेल तर ठीक. काळा, चिकट, शेणासारखा थर बसला असेल तर त्याला आम्ही स्लज म्हणतो. हा थर सुटून चेंबरच्या जाळीत अडकला की पंपाला ऑइल मिळत नाही, मीटरवर ऑइलच्या दाबाचा लाल किटलीचा दिवा लागतो, आणि त्यानंतर गाडी जितकी मिनिटं चालवाल तितके हजार वाढतात असं समजा.

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, हा मात्र गैरसमज. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल गाडीत नवं ऑइल दोन-चारशे किलोमीटरमध्येच काळंकुट्ट होतं. रंग बघण्यापेक्षा ऑइल मोजायची पट्टी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, पट्टी एकदा पुसून परत घालून काढायची. दोन खुणांच्या मधे असलं पाहिजे. कमी असणं वाईट हे सगळ्यांना माहीत असतं. वरच्या खुणेच्याही वर असणंही वाईट. न टाकता पातळी वाढली असेल तर बहुधा पेट्रोल उतरतंय. सर्व्हिसिंगनंतर वाढली असेल तर पोरानं जास्त ओतलंय, ते काढायला सांगा.

कुठलं ऑइल, हा वादाचा विषय. तुमच्या पुस्तकात बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असेल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, नंतरचा आकडा तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. बरेच जुने मिस्त्री सांगतात, ‘आपल्याकडे ऊन फार, एवढं पातळ नको, २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन शांत चालतं.’ शांत चालतं हे खरं. पण आजच्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलचे रस्ते पातळ ऑइल धरूनच आखलेले आहेत. सकाळी सेल्फ मारल्यावर पहिले काही सेकंद वरच्या भागाला ऑइल पोचलेलं नसतं, आणि जाड ऑइल तिथं आणखी उशिरा पोचतं. उन्हाळा बाहेर ४० अंशांचा असो की ३० चा, कूलंट थर्मोस्टॅटमुळे ९० च्या आसपासच धरलं जातं. तेव्हा पुस्तकात आहे तेच ग्रेड टाका. ब्रँडवर मी कधी भांडत नाही, ग्रेडवर भांडतो.

ऑइलसोबत ऑइल फिल्टर हवाच. तुमच्या एस्टिमेटात तो १५० रुपयांचा आहे. ‘मागच्या वेळी बदललाय, या वेळी राहू दे’ म्हणणारे भेटतात. फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्यात एक झडप असते. ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढं जातं. म्हणजे नवं महागडं ऑइल, आणि त्यात फिरणारा जुना कचरा. १५० रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आता ब्रेक फ्लुइड, एस्टिमेटात ५०० रुपये. हा आकडा छोटा म्हणून लोक तो सहज खोडतात. तुमच्या बाबतीत मी हा ऑइलच्या बरोबरीनं धरेन, कारण तुम्ही गणपतीला चिपळूणला जाता. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, आणि मग कुंभार्ली घाट. जाताना तो उतरायचा, तोही गाडीत चार माणसं, डिकीत गणपतीचं सामान आणि बाहेर पाऊस असताना.

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. टाकीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं ओल मुरते. त्यासाठी गाडी चालावी लागत नाही, नुसती दारात उभी असली तरी पुरतं. डॉट ३, डॉट ४ या फ्लुइडच्या प्रती. नव्या डॉट ३ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. शहरात तुम्हाला यातला फरक कधीच कळणार नाही, कारण शहरात ब्रेक तेवढे तापतच नाहीत. घाटात सलग पाय ठेवून उतरलात तर पॅडची उष्णता ते दाबून धरणाऱ्या कॅलिपरमधून फ्लुइडला लागते. ते उकळलं की पाइपात वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचं पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं तळापर्यंत जातं. गाडी थांबवून अर्धा तास थांबलं की पेडल परत कडक होतं, म्हणून घरी पोचल्यावर माणूस सांगतो, ‘मधे जरा ब्रेक कमी लागत होता, पण आता ठीक आहे.’ ते ठीक नसतं.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात. तुमचं साडेचार वर्षांत एकदाही बदललेलं नाही. आमच्याकडे पेनासारखं एक टेस्टर असतं, टाकीत बुडवलं की पाण्याचा अंदाज दिव्यांवर दाखवतं; ते अगदी नेमकं नसतं, पण तुमच्यासारख्या गाडीत लाल दिवा लागला तर मला आश्चर्य वाटणार नाही. बदलताना नुसतं टाकीतलं काढून नवं ओतलं असं नको. चारही चाकांच्या ब्रेकवरचे निपल (फ्लुइड बाहेर काढायची तोंडं) उघडून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत जुनं बाहेर काढायला लागतं, कारण तापतं ते चाकाजवळचं. हे काम समोर उभं राहून बघा. आणि घाट उतरताना, फ्लुइड कितीही नवं असो, गाडी ज्या गिअरवर चढली असती त्याच गिअरवर उतरवा. न्यूट्रलमध्ये उतरवून पेट्रोल वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला जळत राहतं.

कूलंटचे ९०० रुपये मी खोडले. आजकाल कारखान्यातून भरलेलं कूलंट बरेचदा दीर्घ मुदतीचं असतं आणि पुस्तकात त्याची पहिली बदली खूप पुढं दिलेली असते. तुमच्या पुस्तकाच्या मागच्या पानांवरच्या तक्त्यात बघा. साडेचार वर्षांच्या आतली मुदत लिहिली असेल तर बदला, नसेल तर पातळी आणि रंग बघून सोडून द्या. एकच पथ्य: कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतू नका, बोअरचं तर नकोच. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून चुन्यानं भरतात. त्याच कंपनीचं तयार कूलंट, ते नसेल तर डिस्टिल्ड वॉटर. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभराच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि ते एकदम उकळून हातातोंडावर येतं.

एअर फिल्टर मात्र बघून ठरवायचा. पुस्तकात साधारण ४० हजारांचा आकडा असतो, मधल्या सर्व्हिसिंगला झटकून, आतून बाहेर हलकी हवा मारून परत बसवायचा. पण ज्यांचा रोजचा रस्ता उसाच्या फडातून किंवा खडी क्रशरजवळून जातो त्यांचा १५ हजारांतही बाद होतो. तुमचा साडेचार वर्षांचा कागद आहे. घड्या मऊ पडल्या असतील तर ४०० रुपये द्या. एसी फिल्टर बदलाच, तो तुमच्या फुप्फुसांसाठी आहे. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या खणामागं असतो, पाच मिनिटांत हातानं निघतो, एकदा शिकून घेतलात तर पुढच्या वेळी मजुरी वाचेल. प्लगचे ६०० रुपये नकोत. साध्या प्लगची मुदतही बहुधा ४० हजारांच्या आसपास असते, इरिडियमचे तर लाखापर्यंत चालतात. गाडी मिसिंग करत नसेल तर २१ हजाराला प्लग काढायचं कारण नाही.

इथून पुढं एस्टिमेटाचा जो भाग आहे तो देखभालीपेक्षा विक्रीचा जास्त. इंजिन फ्लश ६००, इंजेक्टर आणि थ्रॉटल क्लीनिंग १,४००, एसी डिसइन्फेक्टंट ८००, अंडरबॉडी कोटिंग २,८००. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात यातली एकही ओळ तुम्हाला सापडणार नाही. काउंटरवरच्या मुलावर रागावू नका. त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि त्यात हे डबे मोजले जातात. तुम्ही फक्त पुस्तकाचं ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवा आणि शांतपणे विचारा, ‘यात कुठं लिहिलंय?’ बहुतेक वेळा तो स्वतःच खोडतो.

थ्रॉटल साफ करायला माझा विरोध नाही, पण आयडलिंग वरखाली होत असेल तर. इंजिन फ्लशला विरोध आहे. आत स्लज असेल तर ते केमिकल त्याचे तुकडे सोडवतं आणि हे तुकडे जाळीत जाऊन बसतात. आत स्लज नसेल तर फ्लशची गरजच नाही. तुमच्यासारख्या गाडीला त्यापेक्षा एक ऑइल बदल सहा महिन्यांनी लवकर केलेला बरा.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तुमचं कोकणात जाणं ऐकून ते तुम्हाला हेच सांगतील की खाऱ्या हवेनं गाडी गंजेल. रत्नागिरी, मालवण, अलिबागला बारा महिने गाडी उभी असेल तर विचार करण्यासारखं आहे. वर्षातून आठ दिवस चिपळूणला जाणाऱ्या साताऱ्याच्या गाडीला नाही. कारखान्यातून पत्र्याला गंजरोधक थर दिलेलाच असतो. वर्कशॉपमधलं कोटिंग घाईत, चिखल पूर्ण न धुता आणि ओल पूर्ण न वाळवता मारलं तर ती ओल आतच कोंडते आणि उलट गंज सुरू होतो, तोही न दिसणारा. त्याऐवजी कोकणातून परत आल्यावर रॅम्पवर घेऊन खालून दाबाच्या साध्या पाण्यानं धुवून घ्या, मडगार्डच्या आतल्या कडांसकट. दोन-तीनशे रुपयांत होतं.

इतकं खोडल्यावर हिशेब करा. कूलंट, प्लग, फ्लश, इंजेक्टर, एसीचा फवारा, कोटिंग मिळून ७,१०० रुपये गेले. उरले ६,७००: ऑइल, तीन फिल्टर, ब्रेक फ्लुइड, अलाइनमेंट-बॅलन्सिंग आणि मजुरी. अलाइनमेंट मी ठेवलं, कारण साडेचार वर्षांत एकदा तरी व्हायला हवं; त्याच वेळी पुढची चाकं मागं, मागची पुढं करून घ्या.

आता जे एस्टिमेटात नाही त्याकडे येतो. चांगल्या सर्व्हिसिंगमधलं अर्धं काम म्हणजे गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्च मारून बघणं. त्याचं वेगळं बिल होत नाही, म्हणून गर्दीच्या दिवशी तेच पहिलं टळतं. जॉब कार्डवर सगळ्या चौकटींत टिक असते, आणि गाडी लिफ्टवर चढलेलीच नसते. म्हणून जाताना एक चिठ्ठी लिहून न्या आणि हे बघायलाच लावा.

पुढच्या चाकांना फिरवणारे जे दांडे असतात त्यांच्या सांध्यांवर घड्याघड्यांचं रबरी बूट असतं, आत ग्रीस भरलेलं. गाडी कमी चालली तरी वयानं या रबराला घडीत चीर पडते. आधी चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात, मग त्या चिरेतून पाणी आणि रेती आत जाते, आणि काही महिन्यांनी पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी काढली की ‘टक टक टक’ असा आवाज येतो. शिंतोडे दिसले त्या दिवशी काम काहीशे रुपयांचं असतं. टकटक सुरू झाल्यावर अख्खा सांधा बदलायचा, म्हणजे काही हजार. दोन्हींमधला फरक लिफ्टखाली उभ्या असलेल्या माणसाच्या दोन मिनिटांचा आहे.

मागचे ब्रेक ड्रमचे असतील तर ड्रम काढून साफ करायला सांगा. लायनरची धूळ आणि पावसाचं पाणी मिळून आत लगदा होतो, आणि कमी चालणाऱ्या गाडीत शू (ज्यांवर लायनर बसवलेले असतात ते भाग) ड्रमला चिकटतात. पावसाळ्यात हँडब्रेक लावून आठ दिवस उभी ठेवलेली गाडी हलताना मागून ‘खट्’ आवाज येतो तो याचाच. पुढच्या कॅलिपरच्या पिना हातानं सरकतात का तेही बघायचं. पिन अडकली की एकच पॅड घासत राहतं, दुसरं नवंकोरं.

बॅटरी. साडेचार वर्षं ही आपल्या हवामानात उताराची वेळ, आणि तुमच्या छोट्या फेऱ्यांत ती कधी पूर्ण भरतच नाही. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असायला हवेत, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून परत बघा. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर गणपतीआधीच बदला, कोयनानगरला पावसात ढकलत बसण्यापेक्षा. टायरवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचेत जो उंचवटा असतो तिथपर्यंत टायर घासला म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, बदलायची वेळ झाली. तुमचे घासलेले नसतील, पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा आहेत का ते बघा. स्टेपनीत हवा आहे का हेही. ती कोणीच बघत नाही.

बोनेट आणि काचेच्या मधल्या जाळीखाली झाडाचा पाला साठतो. तिथली पाण्याची भोकं तुंबली की पावसाळ्यात पायाखालचं मॅटिंग ओलं होतं आणि लोक गाडीचा तळ फुटला समजतात. त्याच जागेच्या आसपास उंदराची लेंडी दिसली तर वायरिंग तपासून घ्या. आणि पेट्रोलचे रबरी पाइप: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं पडेल ते सोडा. पण पाइपाच्या टोकांना भेग, ओल किंवा पेट्रोलचा वास आहे का हे दर सर्व्हिसिंगला बघायचं ठेवा.

शोरूम की बाहेर? वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटी चालू असेल तर निमूटपणे कंपनीच्या वर्कशॉपलाच, वेळेवर, बिलं सांभाळून. तुम्ही गेल्या वर्षीचं चुकवलंय, त्यामुळे वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी आधी वाचा. क्लेम करताना ते सगळ्यात आधी मधली सर्व्हिसिंग मागतात. वॉरंटी संपली असेल तर बाहेर जायला हरकत नाही. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्यावरून स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं, तरी आज निदान ऑइल, फिल्टर, पॅड हा माल कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतो. मात्र बाहेर करून घेताना ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडलेला असावा, आणि रिकामा डबा व जुने फिल्टर मागून घ्यावेत. मी स्वतः गिऱ्हाइकाला जुना फिल्टर दाखवतो. दाखवायला जो का-कू करतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

हे सगळं तुमच्या पेट्रोल गाडीसाठी झालं. शेजारी डिझेलवाले असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगा. डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढायचं. आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ असतो; तो साफ होण्यासाठी अधूनमधून हायवेवर सलग वेगानं गाडी पळवायला लागते आणि ऑइल कमी राख करणारंच लागतं. शाळा-घर एवढंच जाणं असेल तर डिझेल घेऊच नये असं माझं मत. सीएनजी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी, ती सर्व्हिसिंगमध्ये धरलेली नसते.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत मुंबई-पुण्यापासून इथपर्यंत प्रत्येक गॅरेजला रांग असते आणि माझ्यासकट कुणाच्याच हातून ‘बघायचं’ काम नीट होत नाही. निदान तीन आठवडे आधी, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळची पहिली वेळ घ्या. गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू करून लाल किटलीचा दिवा लगेच विझतो का बघा, ब्रेक दोन-तीनदा दाबून पेडल कडक आहे का बघा, आणि मगच फाटकाबाहेर काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली वाकून चेंबरच्या नटाखाली आणि फिल्टरखाली थेंब पडलाय का तेवढं पाहा. चाकं काढली असतील तर शंभरेक किलोमीटरनंतर त्यांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.